खण ते संगणक : बहुमजली निवासाच्या एकत्रित क्षेत्रगणनेची ऐतिहासिक वाटचाल (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी अन्न वजनाने मोजले जाते आणि वस्त्र लांबीने मोजले जाते. निवारा मात्र कशाने मोजावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने वेगवेगळे दिले आहे. घर एकाच मजल्याचे असेल तर लांबी व रुंदीचा गुणाकार करून काम भागते. तेच घर दोन किंवा तीन मजल्यांवर पसरलेले असेल तर वेगळे प्रश्न उभे राहतात. आतील जिना कोणत्या मजल्यात धरावयाचा? दिवाणखान्यावरील दुहेरी उंचीची पोकळी मोजावयाची की सोडून द्यावयाची? भिंतीची जाडी कोणाच्या खात्यावर घालावयाची? हे प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतात. परंतु घराची किंमत, त्यावरील कर, बांधकामाची परवानगी आणि शासकीय सवलतीची पात्रता या सर्व गोष्टी त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतात.

आज वास्तुविशारद व अभियंते ही गणना संगणक प्रणालीच्या साहाय्याने करतात. संगणकाने काढलेला आकडा म्हणजे निर्विवाद सत्य, अशी समजूत त्यामुळे सर्वसामान्य ग्राहकांत आणि सुशिक्षित वर्गातही रूढ झालेली दिसते. या समजुतीची ऐतिहासिक तपासणी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केलेला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) बहुमजली घर मोजण्याच्या पारंपरिक, कायदेशीर व संगणकीय पद्धतींचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) या पद्धतींमध्ये 'काय मोजावे' व 'काय वगळावे' यासंबंधीचे निर्णय कसे बदलत गेले, हे पाहणे.
३) बीड जिल्ह्यासारख्या भागातील घरखरेदीदाराच्या दृष्टीने या बदलांचे महत्त्व स्पष्ट करणे.

खण, चौक आणि माडी :

मराठवाड्यातील इतर भागांप्रमाणेच बीड जिल्ह्यातही जुन्या घरांची बांधणी पांढऱ्या मातीच्या किंवा दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया आणि त्यांवर मातीचे माळवद अशा पद्धतीची होती. बीड, अंबाजोगाई, धारूर यांसारख्या जुन्या वस्तीच्या गावांतील वाडे आणि खेड्यापाड्यांतील देशमुख-पाटलांच्या गढ्या ही या बांधणीची मोठी रूपे होत. सामान्य कुणब्याचे घरही याच तत्त्वावर उभे राहत असे. फरक होता तो आकाराचा.

हे घर मोजण्याचे एकक 'खण' हे होते. दोन तुळयांमधील किंवा खांबांच्या दोन ओळींमधील जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे, या प्रश्नाला 'पाच खणांचे', 'सात खणांचे' असे उत्तर मिळत असे. वाड्याच्या बाबतीत 'एकचौकी', 'दोनचौकी' आणि 'दुमजली' अशी विशेषणे त्याला जोडली जात. खण हे क्षेत्रफळाचे काटेकोर एकक नव्हते, कारण उपलब्ध लाकडाच्या लांबीनुसार त्याचा आकार कमीअधिक होत असे. तथापि त्यामध्ये एक व्यावहारिक शहाणपण होते. खण मोजताना भिंतीची जाडी आपोआप वगळली जाई. माणसाला प्रत्यक्ष वापरता येणारी, डोक्यावर छप्पर असलेली जागा तेवढी हिशेबात येई.

बहुमजली घराच्या बाबतीत हे शहाणपण अधिक स्पष्ट होते. वाड्याच्या मध्यभागी असलेला चौक आकाशाला खुला असतो. खालच्या मजल्यावर त्याच्याभोवती ओसरी व सोपे असतात, तर वरच्या मजल्यावर माडी व सज्जे असतात. चौकाची पोकळी दोन्ही मजल्यांमधून आरपार जाते. परंतु वरच्या मजल्याचे खण सांगताना चौकाची जागा कोणी मोजत नसे, कारण तेथे पाय ठेवण्यास जमीनच नसते. खालचे खण वेगळे, माडीचे खण वेगळे आणि दोहोंची बेरीज म्हणजे घर, असा हा हिशेब होता. वाटण्यांच्या वेळीही भावाभावांमध्ये खण वाटले जात. जिना व चौक सामाईक ठेवण्याची रीत होती. आधुनिक परिभाषेत ज्याला सामाईक क्षेत्र म्हणतात, त्याची कल्पना या रीतीत बीजरूपाने आढळते.

भिंतीची जाडी आणि भूकंपाचा धडा :

खणाकडून चौरस फुटाकडे झालेले संक्रमण एका दिवसात घडले नाही. चुना-विटांचे व पुढे सिमेंट काँक्रीटचे बांधकाम जसजसे रूढ झाले, तसतसे खांब-तुळईच्या चौकटीवर आधारलेले एकक मागे पडत गेले. मराठवाड्याच्या संदर्भात या संक्रमणातील एक ठळक टप्पा म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेला किल्लारीचा भूकंप होय. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत या भूकंपाने सुमारे आठ हजार लोकांचे प्राण घेतले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवद कोसळल्यामुळे जीवितहानी फार मोठी झाली. पारंपरिक घराविषयीचा लोकांचा विश्वास त्या पहाटे ढासळला, असे म्हणता येईल.

यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात स्थलांतरित गावांतील घरांचे आकार चौरस फुटांत ठरविण्यात आले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर जमीन असलेल्यांना ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट असे हे तीन वर्ग होते. ज्या समाजात घर खणांनी व चौकांनी ओळखले जात होते, त्या समाजाला आता घर एका आकड्याने ओळखण्याची सवय करावी लागली.

या आकड्यात भिंतीचा प्रश्न दडलेला असतो. बाहेरून ३० फूट लांब व २० फूट रुंद असलेल्या घराचे बाह्य क्षेत्र ६०० चौरस फूट भरते. त्याच्या भिंती जुन्या पद्धतीप्रमाणे अडीच फूट जाडीच्या असतील तर आतील जागा २५ गुणिले १५ म्हणजे ३७५ चौरस फूट एवढीच उरते. हेच घर नऊ इंची विटांच्या भिंतींचे असेल तर आतील जागा सुमारे ५२७ चौरस फूट होते. बाह्य माप तेच राहूनही राहण्याची जागा दीडशे चौरस फुटांनी बदलते. घर दुमजली असल्यास हा फरक दुप्पट होतो. बाहेरून मोजावे की आतून, हा प्रश्न जाड भिंतींच्या प्रदेशात म्हणूनच केवळ पुस्तकी ठरत नाही.

बेरजेला मिळालेले कायदेशीर स्थान :

सर्व मजल्यांच्या क्षेत्राची बेरीज ही एक कायदेशीर संख्या बनण्याची घटना विसाव्या शतकातील आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने १९१६ च्या नियमांत इमारतींची उंची व माघार यांवर बंधने घातली होती. १९६१ च्या नव्या नियमांत त्या शहराने भूखंडाच्या प्रमाणात एकूण मजला क्षेत्र मर्यादित करण्याचे तत्त्व स्वीकारले. भारतात मुंबईच्या १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर हेच तत्त्व 'एफएसआय' या नावाने आले. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्याची व्याख्या नेमकी केली. नियमांनी वगळलेली क्षेत्रे सोडून सर्व मजल्यांचे एकत्रित क्षेत्र घ्यावयाचे व त्याला भूखंडाच्या क्षेत्राने भागावयाचे, असा त्या व्याख्येचा आशय आहे.

या व्याख्येत 'वगळलेली क्षेत्रे सोडून' हे शब्द कळीचे आहेत. जे मोजले जात नाही ते वाढत जाते, असा अनुभव मुंबईत आला. बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे, पोकळ्या यांसारखी मोजणीबाहेरची क्षेत्रे इमारतींमध्ये वाढत गेली आणि पुढे ती घरातच सामावून घेतली जाऊ लागली. परिणामी जानेवारी २०१२ मध्ये नियमांत बदल करून अशी बरीचशी क्षेत्रे गणनेत आणण्यात आली व त्यांच्या भरपाईसाठी निवासी बांधकामास ३५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त निर्देशांक अधिमूल्य घेऊन देण्याची तरतूद झाली.

मराठवाड्याची प्रशासकीय वाटचाल वेगळी होती. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मराठवाड्यातील नगरपालिकांना हैदराबादचा, विदर्भातील नगरपालिकांना मध्यप्रांत-वऱ्हाडचा आणि पश्चिम महाराष्ट्रातील नगरपालिकांना मुंबईचा असे वेगवेगळे कायदे लागू होते. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने त्यांमध्ये एकसूत्रता आणली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने नियोजनबद्ध विकासाची चौकट दिली. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मुंबई व काही अपवाद वगळता संपूर्ण राज्याला एकच मोजपट्टी लागू केली. बांधकामाच्या बाह्यरेषेच्या आत येणारे क्षेत्र गणनेत धरावयाचे आणि निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून मिळवावयाचे, असे या नियमावलीचे सूत्र आहे. बीड शहरातील दुमजली घराच्या नकाशात केली जाणारी बेरीज आज या सूत्राशी बांधलेली आहे.

एकच शब्द, अनेक अर्थ :

मराठी वाचकाला या विषयात एक अधिकची अडचण येते. शासकीय मराठीत एफएसआयला 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात आणि कार्पेट एरियालाही 'चटई क्षेत्र' म्हणतात. वस्तुतः ही दोन अगदी भिन्न मोजमापे आहेत. पहिल्यामध्ये बाहेरच्या भिंतीही मोजल्या जातात, तर दुसऱ्यामध्ये त्या वगळल्या जातात. पहिल्याचा संबंध भूखंडाशी आहे आणि दुसऱ्याचा संबंध राहणाऱ्या माणसाशी आहे. भाषांतराने दोहोंना एकाच चटईवर बसविल्यामुळे करारनामा वाचणाऱ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

खुद्द 'कार्पेट एरिया' या शब्दाचाही अर्थ स्थिर राहिलेला नाही. भारतीय मानक संस्थेच्या ३८६१ क्रमांकाच्या मानकात जोते क्षेत्र, चटई क्षेत्र व भाडेयोग्य क्षेत्र यांच्या मोजणीच्या पद्धती दिलेल्या आहेत. त्यातील चटई क्षेत्रात पडवी, मार्गिका व जिना यांचा समावेश होत नाही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमाने (मोफा) सदनिकेच्या जाहिरातीत चटई क्षेत्र दाखविणे बंधनकारक केले. त्यात बाल्कनीचे क्षेत्र वेगळे दाखवून समाविष्ट करावयाचे होते. २००८ मधील दुरुस्तीने सदनिकांची विक्री चटई क्षेत्राच्या आधारेच करावी, असे ठरविले. यामागे सुपर बिल्ट-अप नावाच्या, कोणत्याही कायद्यात व्याख्या नसलेल्या आकड्याला आळा घालण्याचा हेतू होता. केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने (रेरा) पुन्हा नवी व्याख्या केली. बाहेरच्या भिंती, सेवा-वाहिन्यांची पोकळी, बाल्कनी व खुली गच्ची वगळून आणि आतील विभाजक भिंती धरून उरणारे निव्वळ वापरयोग्य मजला क्षेत्र म्हणजे चटई क्षेत्र, असे या अधिनियमात म्हटले आहे. म्हणजे एका कायद्यात बाल्कनी आत आहे आणि दुसऱ्या कायद्यात ती बाहेर आहे.

बहुमजली घराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. एक किंवा अधिक मजल्यांवर असलेल्या खोल्या मिळून एकच निवास होऊ शकतो, हे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाने आणि २०१६ च्या रेरा अधिनियमानेही आपापल्या व्याख्येत मान्य केलेले आहे. परंतु अशा निवासाच्या आतील जिना एकदा मोजावा की प्रत्येक मजल्यावर मोजावा, याचे उत्तर चटई क्षेत्राच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत मिळत नाही. कायद्याने बेरीज मागितली, पण बेरजेतील प्रत्येक पद सांगितले नाही.

संगणकाची बेरीज कशी होते :

ऑटोडेस्क कंपनीची ऑटोकॅड ही रेखाटन प्रणाली १९८२ मध्ये बाजारात आली. या प्रणालीत क्षेत्र काढण्यासाठी प्रत्येक मजल्याच्या नकाशावर एक बंद रेषा आखावी लागते. त्या रेषेच्या आतील क्षेत्र संगणक सांगतो. कोणती क्षेत्रे बेरजेत धरावयाची, हे मात्र माणसालाच सांगावे लागते. म्हणजे कागदावर पट्टी लावून मोजणाऱ्या आरेखकाचे काम येथे वेगवान व अचूक झाले, इतकेच. काय मोजावयाचे, हे ठरविणारा हात माणसाचाच राहिला.

दुसरा टप्पा इमारतीचे त्रिमितीय प्रतिरूप उभारणाऱ्या प्रणालींचा आहे. हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट कंपनीची आर्किकॅड ही यातील अग्रणी होय. २००० मध्ये आलेली व २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलेली रेव्हिट ही दुसरी प्रमुख प्रणाली. अशा प्रणालींत भिंत ही केवळ रेघ नसून जाडी, उंची व साहित्य असलेली वस्तू असते आणि खोली ही भिंतींनी वेढलेली एक नोंद असते. तथापि रेव्हिटमध्ये प्रत्येक खोली कोणत्यातरी एकाच मजल्याशी बांधलेली असते. तिची उंची दोन मजल्यांपर्यंत वाढविली तरी तिचे घनफळ तेवढे वाढते, क्षेत्रफळ तळमजल्याचेच राहते. दोन मजल्यांवर पसरलेले एक घर ही वस्तू या प्रणालीला मुळातून ठाऊक नाही.

यासाठी जी पद्धत रूढ झाली ती साधी आहे. प्रत्येक मजल्यावर त्या घराचे क्षेत्र स्वतंत्रपणे आखावयाचे, दोन्ही क्षेत्रांना एकच सदनिका-क्रमांक द्यावयाचा आणि त्या क्रमांकानुसार तक्त्यात गट पाडून बेरीज मागवावयाची. खालचे खण वेगळे, माडीचे खण वेगळे आणि मालक एक, अशा जुन्या हिशेबाचेच हे संगणकीय रूप होय.

या पद्धतीत चार ठिकाणी चूक संभवते. पहिली म्हणजे पोकळी. संगणक खोलीची हद्द भिंतीवरून ओळखतो. दुहेरी उंचीच्या दिवाणखान्यावर वरच्या मजल्यावर केवळ कठडा असेल तर कठड्याला तो हद्द मानत नाही आणि पोकळीही खोलीत धरतो. तेथे विभाजक रेषा माणसाने आखावी लागते. दुसरी म्हणजे जिना. तो दोन्ही मजल्यांच्या क्षेत्रात येत असल्यास दोनदा मोजला जातो. तिसरी म्हणजे भिंत. खोलीची हद्द भिंतीच्या आतील पृष्ठभागापर्यंत ठेवली तर विभाजक भिंती गळतात. ती भिंतीच्या मध्यापर्यंत ठेवली तर बाहेरच्या भिंतीचा अर्धा भाग आत येतो. रेराच्या व्याख्येप्रमाणे विभाजक भिंती आत आणि बाहेरच्या भिंती बाहेर ठेवावयाच्या असल्यास क्षेत्राची हद्द स्वतंत्रपणे आखावी लागते. चौथी चूक अगदी सामान्य आहे. दोन मजल्यांवर सदनिका-क्रमांक किंचित वेगळ्या पद्धतीने लिहिला गेला तर संगणक एका घराची दोन घरे करतो.

महाराष्ट्रात या प्रणालींना परवानगीच्या प्रक्रियेशी जोडण्याचा प्रयत्नही झाला. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीने विकसित केलेल्या ऑटोडीसीआर प्रणालीत नकाशा ठरावीक स्तरांवर व ठरावीक नावांच्या बंद आकृतींमध्ये काढून द्यावा लागतो. संगणक त्या आकृती वाचून नियमांशी ताडून पाहतो. येथेही कोणत्या आकृतीला काय नाव द्यावयाचे, हे नकाशा काढणाराच ठरवितो.

एका घराचे पाच आकडे :

वरील विवेचन स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका इमारतीतील ड्युप्लेक्स सदनिकेचे प्रत्येक मजल्यावरील बाह्य माप ९ मीटर गुणिले ६ मीटर आहे. बाहेरच्या भिंती ०.२३ मीटर जाडीच्या आहेत. वरच्या मजल्यावर दिवाणखान्याची पोकळी ९ चौरस मीटर आणि जिन्याची जागा ६ चौरस मीटर आहे. बाल्कनी नाही, असे समजू. या एकाच घराचे पुढील आकडे निघतात :

१) दोन्ही मजल्यांचे बाह्य क्षेत्र : १०८ चौरस मीटर.
२) बाह्य क्षेत्रातून पोकळी वजा जाता : ९९ चौरस मीटर.
३) बाहेरच्या भिंती वगळून, परंतु पोकळी चुकून धरून : ९४.६२ चौरस मीटर.
४) बाहेरच्या भिंती व पोकळी दोन्ही वगळून : ८५.६२ चौरस मीटर.
५) वरीलप्रमाणे, परंतु जिना एकदाच धरून : ७९.६२ चौरस मीटर.

पहिल्या व पाचव्या आकड्यात २८.३८ चौरस मीटरचे म्हणजे सुमारे ३०५ चौरस फुटांचे अंतर आहे. पाचही आकड्यांची बेरीज गणिताच्या दृष्टीने बिनचूक आहे. फरक केवळ नियमाचा आहे.

या फरकाचे आर्थिक मोल लक्षात घेणे आवश्यक आहे. बांधकाम चालू असलेल्या सदनिकांच्या विक्रीवर १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराचे दोन दर ठरविण्यात आले. परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्का आणि इतर घरांसाठी ५ टक्के. महानगरांबाहेर परवडणाऱ्या घराची मर्यादा चटई क्षेत्र ९० चौरस मीटर व किंमत ४५ लाख रुपये अशी आहे. बीड जिल्हा अर्थातच या महानगरेतर वर्गात मोडतो. वरील सदनिकेची किंमत ४० लाख रुपये धरली तर ८५.६२ चौरस मीटर या आकड्यावर कर ४० हजार रुपये होतो. संगणकात पोकळीभोवती रेषा आखावयाची राहून गेली आणि आकडा ९४.६२ चौरस मीटर झाला, तर तोच कर २ लाख रुपये होतो. जेथे जमीनच नाही अशा ९ चौरस मीटर हवेपोटी ग्राहकावर १ लाख ६० हजार रुपयांचा भार पडतो. शिवाय चौरस मीटरच्या दराने किंमत ठरलेली असल्यास त्या हवेची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

बीड जिल्ह्याचा संदर्भ :

रेरा अधिनियमानुसार भूखंडाचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिकांची संख्या आठपेक्षा अधिक नसेल, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. महानगरांतील मोठ्या संकुलांच्या तुलनेत तालुक्याच्या गावातील एखाद्या भूखंडावरील चार-सहा रो-हाऊस किंवा लहान इमारती या मर्यादेत सहज बसतात. अशा ठिकाणी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे चटई क्षेत्र तपासून पाहण्याची सोय ग्राहकाला मिळत नाही. विकासक, नकाशा काढणारा आणि ग्राहक यांच्यातील बोलण्यावर व्यवहार चालतो. रो-हाऊस हे स्वभावतःच बहुमजली निवास असल्यामुळे मजल्यांच्या बेरजेचा प्रश्न नेमका याच व्यवहारात अधिक येतो. कायद्याचे संरक्षण जेथे पातळ आहे, तेथेच मोजणीची गुंतागुंत अधिक आहे, असा हा विरोधाभास आहे.

ग्रामीण भागाचीही स्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील आकारणी नोंदवहीत घराचे क्षेत्र लिहिलेले असते. डिसेंबर २०१५ मधील नियमदुरुस्तीनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते आणि त्या मूल्यातही क्षेत्रफळ हा महत्त्वाचा घटक आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणाची मोजणी केली जाते. ड्रोन मिळकतीची हद्द व छप्पर पाहतो. छपराखाली एक मजला आहे की दोन, माडीवर किती जागा आहे आणि चौक किती, हे त्याला वरून उमगत नाही. ते घरात शिरूनच मोजावे लागते.

जगाच्या पातळीवरही हा प्रश्न सुटलेला नाही. देशोदेशीच्या भिन्न मोजपट्ट्यांमुळे होणारा गोंधळ दूर करण्यासाठी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांची एक आघाडी स्थापन झाली आणि २०१६ मध्ये निवासी इमारतींच्या मोजणीचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. अशा मानकांचा मुख्य आग्रह एवढाच की, आकडा देताना तो कोणत्या पद्धतीने काढला हेही सांगावे. हा आग्रह बीडच्या ग्राहकालाही तितकाच उपयोगी आहे.

निष्कर्ष :

१) बहुमजली घराचे एकत्रित क्षेत्र ही निसर्गदत्त संख्या नसून ती समाजाने, कायद्याने व व्यवहाराने घेतलेल्या निर्णयांची बेरीज आहे. खण, बांधीव क्षेत्र, मोफातील चटई क्षेत्र व रेरातील चटई क्षेत्र हे या निर्णयांचे क्रमशः आलेले टप्पे होत.

२) संगणकाने बेरीज अचूक केली, परंतु काय मोजावे हे ठरविण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नाही. प्रत्येक मजला वेगळा मोजून मालकाच्या नावाने एकत्र करण्याची त्याची रीत वाड्याच्या जुन्या हिशेबाहून तत्त्वतः वेगळी नाही. वाड्याचा चौक न मोजण्याचे जे भान गवंडी-सुतारांना सहज होते, ते संगणकाला मुद्दाम द्यावे लागते.

३) 'चटई क्षेत्र' हा एकच शब्द दोन मोजमापांसाठी वापरला गेल्याने मराठी ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते. शासकीय परिभाषेत या दोन संकल्पनांसाठी वेगवेगळे शब्द असणे हितावह ठरेल.

४) दुमजली घराच्या करारनाम्यात प्रत्येक मजल्याचे क्षेत्र स्वतंत्रपणे नमूद करावे. जिना कोठे धरला, पोकळी वगळली की नाही आणि बाल्कनी व गच्ची किती, हेही लिहावे. नोंदणीच्या कक्षेबाहेरील लहान प्रकल्पांत तर याची गरज अधिक आहे. यासाठी नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. तक्त्यात चार रकाने वाढविले तरी पुरेसे आहे.

५) वाणिज्य, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांत ग्राहकशिक्षणाचा भाग म्हणून घराच्या मोजणीचा एखादा प्रात्यक्षिक पाठ ठेवता येईल. विद्यार्थ्याने मोजपट्टी घेऊन आपल्याच घराचे क्षेत्र तीन पद्धतींनी काढले, तर छापील आकड्यामागे कोणता नियम आहे हे विचारण्याची सवय त्याला लागेल. आयुष्यभराची पुंजी ज्या व्यवहारात पणाला लागते, त्या व्यवहारात हा प्रश्न विचारता येणे ही सुशिक्षिताची किमान पात्रता मानावयास हवी.